ऐरणीच्या डावीकडची जागा

माझ्या वडिलांनी कोरलेल्या अठरा ताम्रपटांपैकी सतरा मी डॉ. आरिफा शिकलगार यांच्या स्वाधीन केले आणि अठरावा उपरण्यात गुंडाळून घरीच ठेवला. तोही एक दिवस मागितला जाईल, हे मला तेव्हाच ठाऊक होते.

हे ताम्रपट प्राचीन नव्हेत. त्यांतला सर्वांत जुना माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे. माझे वडील त्र्यंबक तांबट, ज्यांना घरीदारी सारे अण्णा म्हणत, नाशिकच्या तांबट आळीत बंब आणि घागरी घडवीत. त्यांची शाळा चौथीत संपली. सिन्नरच्या एका विद्यालयात नव्यानेच इतिहास शिकवू लागलेले लोणारे मास्तर एकदा त्यांच्याकडे यादवकालीन दानपत्राचे छायाचित्र घेऊन आले. प्रदर्शनासाठी त्यांना तशीच प्रतिकृती हवी होती. अण्णांनी छायाचित्र उजेडात धरले, पुष्कळ वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "मास्तर, हा माणूस घाईत होता. शेवटच्या चार ओळी बघा. ह्याला कुठंतरी जायचं होतं."

"सातशे वर्षांपूर्वी?" मास्तर हसले.

"मग? सातशे वर्षांपूर्वी माणसाला जायला गाव नव्हतं?"

त्या संभाषणातून आमचे सेउण मंडळ जन्मले. यादवांच्या सत्तेखालचा हा प्रदेश जुन्या लेखांत सेउणदेश म्हणून येतो, त्यावरून हे नाव. दरवर्षी माघी पौर्णिमेला सिन्नरबाहेरच्या एका माळावर चाळीस-पन्नास माणसे जमत आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तेराव्या शतकात राहत. कोणी मागावर बसे, कोणी दगड घडवी, कोणी जाते ओढी. वस्त्रे न शिवलेली. घड्याळ वर्ज्य. स्वयंपाकात मिरची, बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणा वर्ज्य, कारण ही सारी मंडळी समुद्रापलीकडून पुष्कळ नंतर आली. तिखटपणासाठी मिरे आणि पिंपळी. चहाचे तर नावही काढायचे नाही. माझ्या चष्म्यावरून पहिल्याच वर्षी वाद निघाला, तेव्हा अण्णांनी निवाडा दिला, "चष्मा राहू द्या त्याचा. त्या काळचे डोळे पोराला आणायचे कुठून?"

दिवसाचा कळस म्हणजे दान. मंडळ दरवर्षी एका सभासदाला, कोणाच्याच मालकीची नसलेली एखादी वस्तू विधिपूर्वक अर्पण करी आणि तिचा ताम्रपट देई; विधी झाला की सभासद तो अण्णांकडेच जपायला ठेवीत. दळण दळणाऱ्या अनसूयाबाईंना पहाटेचा वारा मिळाला. लोणारे मास्तरांना माळावरच्या चिंचेची सावली मिळाली: दुसऱ्या प्रहरापासून तिसऱ्या प्रहरापर्यंतची, चारही सीमांसह, चंद्रसूर्य असेतोवर.

"सावलीच्या सीमा सरकतात, त्याचं काय करायचं?" मास्तरांनी विचारले.

"तुम्हीही सरका," अण्णा म्हणाले.

मी तेव्हा एका शास्त्रीबुवांकडे संस्कृत शिकत होतो. दानपत्राचा मजकूर मी रची आणि अण्णा तो कोरीत. त्यांच्या ऐरणीच्या उजवीकडे हत्यारे असत. डावीकडे एक झिजून गुळगुळीत झालेला पाट असे, तो माझा. मी कागदावरून एक अक्षर सांगे. अण्णांची छिन्नी ते तांब्यात उतरवी. मग ते मान वर न करता थांबत. मी पुढचे सांगे. जोडाक्षर अवघड असले तर मी राखेत बोटाने त्याचा आकार काढून दाखवी आणि ते म्हणत, "हं. कळलं, पंडित." मला पंडित म्हणणारे ते पहिले, आणि मी ती पदवी पुढे कागदोपत्री मिळविली तरी त्यांच्या तोंडी तिला आलेली गोडी कोठेही भेटली नाही.

त्यांचा एक नियम होता. मजकूर आधी कोरायचा, पण नावाची जागा कोरी ठेवायची. ज्याला दान द्यायचे, तो समोर येऊन बसल्याशिवाय नाव कोरायचे नाही. मास्तरांच्या वेळी तर गंमतच झाली. ऐन विधीच्या वेळी मास्तर गायब. अर्धा प्रहर सारे ताटकळले. शेवटी ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर, उपरणे डोक्यावरून घेऊन चहा पिताना सापडले. "माणूस नाही तर नाव नाही," असे म्हणून अण्णा तोवर छिन्नी मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते.

*

आता यंत्राविषयी सांगितले पाहिजे.

तांब्याचा पत्रा आपल्याला एकसंध दिसतो. वस्तुतः ती सूक्ष्म स्फटिककणांची दाट वस्ती असते. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा शिस्तीने उभ्या असतात. घाव बसला की त्या रांगा सरकतात, अडखळतात, एकमेकींत गुंततात आणि तशाच राहतात. म्हणूनच ठोकलेले तांबे कठीण होते. पत्रा भट्टीत तापविला की गुंता सुटतो, रांगा नव्याने लागतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. अण्णा हेच आपल्या भाषेत सांगत: मार खाल्ला की तांबे हट्टी होते, आच दिली की पुन्हा गुणी होते.

आघातवाचक नावाचे यंत्र हा गुंता वाचते. पत्रा त्यात ठेवून अतिशय मंद गतीने तापवितात. शेवटच्या घावाचा ताण प्रथम सुटतो, त्याआधीच्या घावाचा त्यानंतर, आणि क्ष-किरणांची एक बारीक शलाका ते सुटणे टिपत जाते. घाव कोणत्या दिशेने आला, किती जोराचा होता, मनगट कोणीकडे कलले होते, हे त्यातून कळते. घावासरशी तांबे किंचित तापते. ते निवण्याच्या आत दुसरा घाव पडला की निवल्यावर, याचाही ठसा वेगळा असतो. म्हणजे हात कोठे थांबला, हेही कळते.

किंमत एकच. वाचन एकदाच होते. आच दिली की धातूची स्मृती जाते. अक्षरे दिसायला जशीच्या तशी राहतात, परंतु त्यांतला हात निघून जातो.

हे यंत्र निघाले ते पुलांच्या तुळया का मोडतात, हे शोधण्यासाठी. दोन वर्षांत लोक त्यासमोर घरची भांडी घेऊन रांगा लावू लागले. आजीच्या परातीवरचे नाव आजोबांनीच घातले काय, एवढे जाणण्यासाठी माणसे परगावाहून येत. कोणी डोळे पुसत बाहेर पडे. एका घरातले दोन भाऊ मात्र घागरीवरचे नाव तिसऱ्याच्या हातचे निघाल्यामुळे तिथेच भांडले. संग्रहालयांनी खऱ्या ताम्रपटांना आच लावू देण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता. म्हणून आरिफाबाई माझ्याकडे आल्या. त्यांना असे ताम्रपट हवे होते की ज्यांचा कोरणारा, वर्ष आणि रीत निश्चित ठाऊक आहे. त्यांवर यंत्र पारखून घेता आले असते.

"आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तलवारींना धार लावायचे, गुरुजी," त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या. "मीच एकटी अशी निघाले, जी धातूला मऊ करते."

मी विचारले, "सतरा पुरतील?"

"अठरा आहेत असं वैदेहीताई म्हणाल्या होत्या."

वैदेही माझी मुलगी. अण्णांची कार्यशाळा आणि सेउण मंडळ दोन्ही आता तीच चालविते. मी म्हणालो, "सतरा न्या."

*

महिन्याभराने त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलाविले.

"एक शंका आहे, गुरुजी. तुमच्या वडिलांचा हात फार सफाईचा. एका अक्षराला वीस-पंचवीस घाव, सगळे एका लयीत. पण प्रत्येक अक्षरानंतर हात थांबतो. प्रत्येक अक्षरानंतर. सतराही पाट्यांवर. आम्हाला वाटलं, आमच्याच गणितात चूक आहे. दोनदा तपासलं. एवढा कसलेला कारागीर अक्षरागणिक अडतो कशाला?"

"अडत नसत," मी म्हणालो. "मी पुढचे अक्षर सांगेपर्यंत थांबत."

आरिफाबाई उठल्या. मग त्यांनी कपाटातून एक हातमोजा काढला. वाचलेल्या घावांवरून हाताची हालचाल पुन्हा रचून ती या मोज्यात उतरविता येते. मोजा घालणाऱ्याच्या बोटांना आणि मनगटाला तो तसाच वळवितो.

मी हात आत घातला. माझे मनगट उचलले गेले. अण्णा हातोडी फार उंच नेत नसत. खांदा स्थिर ठेवून केवळ मनगटाने मारीत आणि प्रत्येक घावानंतर करंगळी किंचित सैल सोडीत. ही करंगळी मी विसरलो होतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या हातात ती सैल झाली, तेव्हा मला भट्टीतल्या कोळशाचा आणि चिंचेच्या पाण्याचा वास आल्यासारखे वाटले.

अक्षर संपले. हात थांबला.

मला पुढचे अक्षर सांगायचे होते. पण कोणता ताम्रपट, कोणती ओळ, काही उमगेना. मी काही बोलण्याआधीच मोजा हलला आणि अण्णांचा हात पुढच्या अक्षराकडे निघून गेला.

"थांबणं ठरावीक ठेवलंय त्यात," आरिफाबाई हलकेच म्हणाल्या. "किती वेळ थांबले, ते धातू सांगत नाही."

मी मोजा काढून ठेवला. त्या माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या आणि तिथे म्हणाल्या, "अठरावी पाटी तुम्ही का देत नाही, हे मी विचारणार नाही. पण ती देणार असलात तर मी स्वतः वाचीन. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही."

*

त्या दिवशी दुपारी मी तो ताम्रपट वैदेहीसमोर उलगडला. लहानपणानंतर तिने तो उघडा पाहिला नव्हता.

त्याची कथा अशी. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मी एका महाविद्यालयात संस्कृतचा अध्यापक होतो. पौषात अण्णांचे पत्र आले. "पंडित, यंदाचा मजकूर असा कर. ऐरणीच्या डावीकडची जागा दिली. सकाळच्या उजेडासह दिली. भट्टीच्या उबेसह दिली. चंद्रसूर्य असेतोवर. नाव आत्ता सांगत नाही, समोर आल्यावर सांगीन. शापाची ओळ नको. ही जागा कोणी चोरून नेत नाही."

दानपत्राच्या अखेरीस दान हिरावणाऱ्याला शाप देण्याची जुनी प्रथा आहे, आणि आमच्या गमतीच्या दानपत्रांतही ती आम्ही हौसेने पाळत असू. ती ओळ का नको, हे विचारण्याइतकीही सवड मला नव्हती. मी मजकूर टपालाने पाठविला आणि खाली लिहिले की यंदा येणे जमणार नाही. तिरुपतीस परिषद आहे. माझ्या निबंधाचा विषय होता, ताम्रपटांतील ठोकून पुसलेली नावे. जुन्या काळी दान एकाकडून काढून दुसऱ्याला दिले की कोरलेले नाव हातोडीने सपाट करीत. अशी ठोकलेली रिकामी जागा ओळखण्यात माझा हातखंडा मानला जाई.

पुढच्या वर्षी मी नाशिकला गेलो, तेव्हा तो ताम्रपट कार्यशाळेच्या भिंतीवर टांगलेला होता. मजकूर माझा, अक्षरे अण्णांची, आणि नावाच्या जागी दाट ठोकल्याच्या खुणा. मी तत्क्षणी ते वाचले, जसे मी शंभर वेळा इतरत्र वाचले होते. डावीकडच्या पाटावर माझ्याशिवाय कोणी बसले नव्हते. अण्णांनी मायेपोटी आपला नियम मोडून माझे नाव कोरले, मी आलो नाही, आणि त्यांनी ते ठोकून काढले.

मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही. त्यांनी पुन्हा ताम्रपट कोरला नाही, मी पुन्हा माळावर गेलो नाही. आमचे बोलणे चालू होते. सणवार, आजारपण, नातीचे कौतुक, सारे चालू होते. दरवर्षी पौषात ते एकदा विचारीत, "काय पंडित, यंदा पौर्णिमेला येणार का?" मला तो टोमणा वाटे. मी म्हणे, "बघतो." अकरा वर्षे त्यांनी विचारले, अकरा वर्षे मी बघतो म्हणालो, आणि मग दोन हजार नऊच्या चैत्रात ते गेले.

वैदेहीने पत्रा खिडकीपाशी नेला आणि तिरपा धरून पाहिला.

"बाबा, हे पुसलेलं वाटत नाही मला."

"मी सारे आयुष्य पुसलेली नावे वाचली आहेत, वैदेही."

"आणि मी तांबं ठोकत आलेय. पुसणाऱ्याचा घाव रागाचा असतो, नाहीतर घाईचा. हे मठारकाम आहे. घागरीवर करतो तसं. एकाशेजारी एक, सारख्या जोराचं." तिने अंगठा त्या जागेवरून फिरविला. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "पण शपथेवर सांगता यायचं नाही. आधी पुसून मग वरून मठारलं असेल, तरी असंच दिसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्राला विचारा. आजोबा ही पाटी दर पौर्णिमेला फडक्यात बांधून माळावर न्यायचे, मला आठवतंय. संध्याकाळी तशीच परत आणायचे. पुसलेली पाटी कोण मिरवतं हो?"

"आणि खाली माझे नाव निघाले तर?"

तिने पत्रा माझ्या हातात परत दिला. मी त्या जागेकडे पाहत राहिलो. प्रश्न एकदाच विचारता येणार होता. नाव निघाले असते तर वडिलांनी मला खोडून काढल्याचा पुरावा हाती उरला असता, आणि त्यांच्या हाताचा शेवटचा ठसा त्या पुराव्यापायी जळून गेला असता. न विचारता मरावे, तर निदान संशयाचा आधार होता. चाळीसहून अधिक वर्षे मी त्या आधारावर काढली होती.

"उद्या आरिफाबाईंना फोन कर," मी म्हणालो.

*

वाचनाला एक अख्खा दिवस लागला. मी यंत्राशेजारी खुर्चीवर बसून होतो. सायंकाळी पाचच्या सुमारास आरिफाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता.

"आधी मजकुराचं सांगते. ही पाटी कोरताना तुमच्या वडिलांच्या शेजारी कोणी होतं?"

"नाही. मजकूर टपालाने गेला होता. ते एकटेच होते."

"थांबे तसेच आहेत, गुरुजी. प्रत्येक अक्षरानंतर."

मी मान खाली घातली. त्या पुढे सांगू लागल्या.

"आता ती जागा. तिथला ताण जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे तेवढ्याच जागेला आमच्याआधीच कोणीतरी आच दिली होती, बाकीच्या अक्षरांना लागू न देता. अशा वेळी ताण काही सांगत नाही, पण कणांचा आकार सांगतो. जिथं छिन्नी खोल गेलेली असते, तिथं आच दिल्यावर कण बारीक उगवतात. नाव पुसलेलं असतं तर बारीक कणांची अक्षरं दिसली असती. तिथं तसं काही नाही. सगळे कण मोठे, एकसारखे. त्या जागेला छिन्नी कधीच लागलेली नाही."

"मग ठोकले कशासाठी?"

"आच दिली की तांबं काळवंडतं. घासलं तरी त्या काळेपणाचा अंश राहतो आणि वरून ठोकलं की आत दबतो. तसे थर तिथं आहेत, झाडाच्या खोडात असतात तसे. आच, घासणी, मग उंचसखलपणा जाण्यापुरतं हलकं मठारकाम. पुन्हा आच. मी मोजले." त्यांचा आवाज किंचित बदलला. "बारा आहेत."

अठ्ठ्याण्णव ते नऊ. बारा पौर्णिमा.

कोरायचे तांबे मऊ लागते. हे तांबट आळीतल्या कोणालाही ठाऊक असते, आणि मलाही होते. मळलेली, माणसांच्या हातांनी डागाळलेली ती दोन बोटे जागा अण्णा दरवर्षी नव्याने सिद्ध करीत होते. माणूस समोर नव्हता म्हणून नाव नव्हते. नियम त्यांनी मोडला नव्हता. तो टोमणा नव्हता. "येणार का?" हा प्रश्न होता, आणि त्याचा अर्थ तेवढाच होता.

मी, ज्याने पुसलेल्या नावांवर आयुष्य घालविले, त्याला न लिहिलेले नाव वाचता आले नव्हते.

"पाटी जपून न्या," आरिफाबाई म्हणाल्या. "आमच्या आचेनं अगदी मऊ झालीय. नख लावलंत तरी उमटेल."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्याही ध्यानात एका क्षणाने आले. ती तेरावी आच होती.

*

माघी पौर्णिमेच्या सकाळी मी चव्वेचाळीस वर्षांनंतर माळावर पाऊल ठेवले. चिंच होती. तिच्याखाली चाकांच्या खुर्चीत सत्त्याऐंशी वर्षांचे लोणारे मास्तर बसले होते आणि त्यांच्या उपरण्याखालून थर्मासचे झाकण डोकावत होते.

"आलास होय रे!" ते म्हणाले. "चष्मा काढ आधी. तेराव्या शतकात आहेस."

"त्याचा निवाडा झालेला आहे, मास्तर."

ते हसले, मग गंभीर झाले. "त्र्यंबकअण्णा पाटी मांडीवर घेऊन इथंच बसायचे. उन्हं कलली की गुंडाळायचे. मी एकदा म्हटलं, 'अहो, कोरून टाका की काय ते.' तर म्हणाले, 'माणूस यायचाय.'"

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू आलास कुठे सांगायला?"



वैदेहीने अण्णांची ऐरण आणून मांडली होती. डावीकडे तो पाटही होता; मधल्या वर्षांत तो तिने कोठे जपून ठेवला होता, मला ठाऊक नाही. आरिफाबाई न शिवलेले पांढरे वस्त्र सावरीत आल्या. त्यांनी हातमोजा आणला होता.

"वैदेहीताईंनी हा घातला तर अक्षरं तुमच्या वडिलांच्या हातची होतील," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावातलं प्रत्येक अक्षर त्यांनी कुठं ना कुठं कोरलेलं आहे. मी जुळवून ठेवलंय."

मोह पडला नाही, असे म्हणणार नाही. ती करंगळी मला पुन्हा पाहायची होती. परंतु मला प्रयोगशाळेतला तो क्षण आठवला, मी गप्प असताना पुढे निघून गेलेला हात.

"आरिफाबाई, दानपत्रात देणारा एक असतो, रचणारा दुसरा, कोरणारा तिसरा. राजाने कधी छिन्नी धरली नाही. देणाऱ्याचा शब्द या पत्र्यावर आहेच, तो अण्णांच्याच हातचा आहे. नाव कोरणारा हात कोणाचाही चालतो." मी मोज्याकडे पाहिले. "फक्त तो थांबणारा हवा."

त्यांनी मोजा घडी करून पदराआड ठेवला.

मी पाटावर बसलो. गुडघे कुरकुरले, खाली बसायला मास्तरांच्या नातवाचा आधार घ्यावा लागला. पाट माझ्या आठवणीपेक्षा लहान होता, पण उजेड त्याच बाजूने येत होता. वैदेहीने पत्रा राळेच्या ठोकळ्यावर बसविला, छिन्नी टेकविली आणि मान खाली घातली. आजोबांच्या मांडीला मांडी लावून तेरा वर्षांची होईतो ती हे शिकली होती. मी तिथे नव्हतो, म्हणून तिचा हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. खांदा स्थिर. हातोडी फार उंच नाही.

माळ शांत झाला. थर्मासचे झाकणही हलायचे थांबले.

"भा," मी माझ्या नावाचे पहिले अक्षर सांगितले.

मऊ तांब्यात छिन्नी उतरली. वीस घाव असतील, बावीस असतील. अक्षर पुरे झाले. तिने फुंकर घालून कीस उडविला, छिन्नी पुढच्या जागी टेकविली आणि थांबली.

मला वाटले, ती दमली असेल. क्षण गेला, दुसरा गेला. तिची हातोडी हवेत होती आणि करंगळी किंचित सैल सुटली होती.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "पुढचं सांगा ना."

मी चष्मा पुसला आणि पुढचे अक्षर सांगितले.